तान्ह्या बाळाची सर्दी छातीत उतरली तर: आरएसव्ही, ब्राँकिओलायटिस आणि आपल्या भागातले अनुभव

मलप्रभा

नमस्कार मंडळी. माझ्या भावाची मुलगी, तीन आठवड्यांची, परवा रात्रीपासून बेळगावात एका हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. वहिनीचं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. पहिलं बाळंतपण म्हणून ती तिकडंच होती. घरात आधी वहिनीच्या भाच्याला सर्दी झाली, मग आज्जीला, मग बाळाचं नाक चोंदलं. सुरुवातीला नुसतं नाक वाजायचं. ताप नाही, रडणं नाही. तिसऱ्या दिवशी अंगावर घेतलं की दोन घोट घ्यायची आणि दमल्यासारखी सोडून द्यायची. रात्री वहिनीच्या आईनं झबलं वर करून बघितलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. त्या बाजूचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. १०८ ला फोन केला आणि पहाटे बेळगाव गाठलं.

नाकातला स्वॅब तपासला, आरएसव्ही निघालं. डॉक्टर म्हणतात ब्राँकिओलायटिस. आता नाकाला ऑक्सिजनची नळी आहे, दुसऱ्या नळीतून वहिनीचं काढलेलं दूध पोटात सोडतात आणि नर्स अधूनमधून नाक साफ करतात. एवढंच. पहिल्या दिवशी अँटिबायोटिक चालू केलं होतं, आज तेही बंद केलं. कफाचं औषध नाही, वाफ नाही, नेब्युलायझर नाही. घरचे सगळे विचारालेत, "मग उपचार काय करालेत?" भावाचे सासरे तर कोल्हापूरला हलवूया म्हणून बसलेत.

इथं बालरोगतज्ज्ञ आहेत, अशा प्रसंगातून गेलेले आईबापही आहेत. जरा नीट समजावून सांगाल का? मला घरात सगळ्यांना सांगायचं आहे.

वेणुग्राम

मलप्रभाताई, काळजी घ्या. ऑक्सिजनवर असलेलं बाळ, हॉस्पिटल लक्ष देत असताना, निव्वळ "औषध देत नाहीत" म्हणून हलवू नका. बेळगाव ते कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे, तेही या पावसात. बाकीचं जाणकार सांगतील.

बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे, याच जिल्ह्यात काम करतो. बाळाला मी तपासलेलं नाही, म्हणून तिच्या उपचारांबद्दलचा अंतिम शब्द तिथल्या डॉक्टरांचा. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून उपचार बरोबर चाललेत असं मला वाटतं. ते का, हे सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न मला दर पावसाळ्यात विचारला जातो.

आरएसव्ही म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. १९५६ मध्ये तो पहिल्यांदा चिंपांझींमध्ये सापडला, आणि थोड्याच काळात लक्षात आलं की तो माणसांच्या बाळांना होतो. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतोच. मोठ्या मुलाला आणि आपल्याला साधी सर्दी होते. तान्ह्या बाळात तो नाकातून खाली उतरून फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनळ्यांत जातो. तिथलं अस्तर सुजतं, मेलेल्या पेशी आणि चिकट स्राव साचतो. यालाच ब्राँकिओलायटिस म्हणतात. ठिबकच्या बारीक नळीत थोडा गाळ बसला तरी पुढच्या रोपाला पाणी जात नाही आणि मोठ्या पाइपला काही होत नाही. इथंही तेच घडतं. नळी मुळात इतकी अरुंद की जराशा सुजेनंही बाळ झगडायला लागतं.

आता औषधांचं. दम्यात श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळलेले असतात, म्हणून सालब्युटामॉलची वाफ दिली की ते सैल पडतात. इथं अडथळा मुख्यतः सूज आणि स्रावाचा आहे, त्यामुळं त्या वाफेचा उपयोग होत नाही आणि बाळाच्या हृदयाचे ठोके मात्र वाढतात. स्टेरॉइडचंही तेच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ब्राँकिओलायटिससाठी सालब्युटामॉल, स्टेरॉइड, छातीवर थोपटण्याची फिजिओथेरपी हे सगळं नको असं स्पष्ट सांगितलं आहे. अँटिबायोटिक विषाणूवर चालतच नाही.

मग पहिल्या दिवशी का दिलं? कारण बाळ तीन आठवड्यांचं आहे. एवढ्या लहान जिवात रक्तातला जिवाणूसंसर्गही असाच दिसतो: दूध सोडणं, जोरात श्वास, मलूल होणं. नुसतं बघून फरक करता येत नाही. म्हणून रक्त तपासायला घेऊन अँटिबायोटिक चालू करतात आणि तपासण्या स्वच्छ आल्या, बाळाची तब्येत त्याच्याशी जुळली की थांबवतात. चालू करणं बरोबर होतं, थांबवणंही बरोबर आहे. थांबवायलाच जास्त विचार लागतो.

आणि जे चाललंय तोच उपचार आहे. विषाणू शरीर स्वतः घालवतं, तोपर्यंत बाळाला दमू द्यायचं नाही. रक्तातला ऑक्सिजन ९० ते ९२ टक्क्यांच्या खाली राहू लागला की ऑक्सिजन लावतात. जोरात श्वास घेणाऱ्या बाळाला चोखणं आणि गिळणं जमत नाही, दूध श्वासनळीत जायचा धोका असतो, म्हणून नळीतून दूध. तान्ही बाळं बहुतेक नाकानंच श्वास घेतात, म्हणून नाक मोकळं ठेवायचं. एवढ्यानं भागलं नाही तर सीपॅप. त्यात नाकातून सतत थोडा दाब देतात, म्हणजे श्वास सोडताना त्या बारीक नळ्या मिटत नाहीत. त्याची एक नळी पलंगाशेजारच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलेली असते आणि त्यातून बुडबुडे येत राहतात. नातेवाईक ते बघून घाबरतात. बुडबुडे येतायत म्हणजे यंत्र नीट चालतंय. फार थोड्या बाळांना व्हेंटिलेटर लागतो.

हा आजार बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जोरात असतो. तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत आहात. घरच्यांना हे मुद्दाम सांगा, म्हणजे "अजून कमी का होईना" म्हणून धीर सुटणार नाही.

निपाणीकर

डॉक्टरसाहेब, तुमची पोस्ट वाचून बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. आमचा मुलगा दोन महिन्यांचा असताना हेच झालं होतं. जवळच्या दवाखान्यात रोज वाफ देऊन घरी पाठवायचे. वाफेनंतर तासभर बरं वाटल्यासारखं व्हायचं, मग परत तेच. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्याची छाती बघितली आणि सांगितलं, वाफ बंद, आधी ऑक्सिजन बघूया. तो ८६ होता. लगेच अ‍ॅडमिट केलं. आता पोरगं दुसरीत आहे, ठणठणीत.

एक वेगळा मुद्दा मांडतो. आमच्याकडं तंबाखूचं काम घरोघरी. वखारीतून आलेल्या माणसाच्या कपड्यांना तंबाखूची धूळ असते, विडी-सिगारेटचा वास असतो. आमच्या डॉक्टरांनी वडिलांना बजावलं होतं की आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही आणि घरात विडी पेटवायची नाही. त्यांनी ते पाळलं. धुरात राहणाऱ्या बाळांना हा आजार जास्त जोरात होतो हे खरं आहे ना?

बालवैद्य

हो, खरं आहे. विडी-सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, दोन्ही. वडिलांनी फार मोलाचं काम केलं.

आशाताई_हुक्केरी

मी आशा म्हणून काम करते. बाळ जन्मल्यापासून बेचाळीस दिवसांत आम्ही सहा वेळा घरी जातो: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. या भेटींत मी प्रत्येक आईला आणि आज्जीला श्वास मोजायला शिकवते. इथं लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

बाळ शांत असताना मोजायचं. रडताना, दूध पिताना नाही. झोपलेलं असेल तर उत्तम. झबलं पोटाच्या वर सरकवायचं आणि उजेडात पोटाकडं बघायचं. तान्ह्या बाळाचा श्वास छातीपेक्षा पोटावर चांगला दिसतो. पोट वर येऊन खाली गेलं की एक. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ही बाळं मध्येच पाच-दहा सेकंद श्वास थांबवतात आणि मग भराभर घेतात, ते त्यांचं नेहमीचं असतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा जास्त आला तर थोडं थांबून परत मोजायचं. दुसऱ्यांदाही ६० किंवा वर आला तर घरी थांबायचं नाही. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत हीच मर्यादा ५० आहे, पुढं पाच वर्षांपर्यंत ४०.

आकडा कमी असला तरी काही खुणा दिसल्या की निघायचंच. बरगड्यांखाली खळगा, नाकपुड्या फुलणं, प्रत्येक श्वासाला कण्हणं, ओठ-जीभ निळसर. दूध नेहमीच्या निम्म्यावर येणं. बारा तासांत लंगोट ओला न होणं. हात लावला तरच हलणारं, नाहीतर पडून राहणारं बाळ. आणि नवजात बाळाला ताप, म्हणजे काखेत ३७.५ अंश सेल्सिअस किंवा वर. थंड पडलेलं बाळ तर तापलेल्या बाळापेक्षाही जास्त काळजीचं, ३५.५ च्या खाली गेलं तर लगेच निघा.

मलप्रभाताई, तुमच्या वहिनीच्या आईनं झबलं वर करून बघितलं, हे मी माझ्या गावातल्या बायकांना सांगणार आहे. झबल्यावर स्वेटर, स्वेटरवर दुपटं, त्यात खळगा दिसतच नाही.

गोदाक्का

मी वयानं मोठी आहे, म्हणून बोलते. आमच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची, ओवा-धूप घालून धुरी द्यायचो, बाळाच्या टाळूला तेल, नाकात दोन थेंब तेल. आमची सगळी मुलं जगली, मोठी झाली. आता सगळंच वाईट म्हणायला लागलाय. कणकुंबी-जांबोटीकडं पावसात भिंतीला ओल येते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. तिथं शेगडीशिवाय बाळाला ऊब कशी द्यायची, ते पण सांगा.

आशाताई_हुक्केरी

अक्का, तुमचं ऊब देण्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. नवजात बाळ थंड पडता कामा नये, ते आम्हीही सांगतो. फक्त धूर नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की हवा विषारी होते, आई आणि बाळ दोघांनाही धोका. बाळाला लंगोट-टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून लुगडं नाहीतर शाल गुंडाळा. कमी वजनाच्या बाळांना तर हेच सगळ्यात चांगलं. आजोबा, बाबाही घेऊ शकतात. कपडे स्वयंपाकघरात वाळवा आणि बाळाच्या खोलीची एक खिडकी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनं थोडी उघडी ठेवा.

बालवैद्य

गोदाक्का, तुमच्या पिढीनं बाळंतीण आणि बाळ चाळीस दिवस गर्दीपासून लांब ठेवली, त्यानं किती बाळं वाचली असतील याची मोजदाद नाही. ते आज परत पाळायला हवं. हल्ली बाराव्या दिवशी हॉल घेऊन बारसं होतं, शंभर माणसं बाळाचा पापा घेतात.

नाकात तेल मात्र नको. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि त्याचा वेगळाच न्यूमोनिया होतो, तो बरा व्हायला फार वेळ घेतो. कापूर, बाम, निलगिरी दोन वर्षांखाली छातीला-नाकाला लावू नका. गरम पाण्याच्या वाफेनं भाजलेली बाळं मी बघितली आहेत. नाक चोंदलं तर मेडिकलमध्ये मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब दूध पाजण्याआधी घाला. नाकपुडीच्या तोंडाशी आलेला शेंबूड मऊ कापडानं टिपा.

एक गोष्ट कठोरपणे लिहितो. छाती उडायला लागली की "डबा झालाय" म्हणून पोटावर बिब्बा लावणं किंवा तापलेल्या बांगडीनं डाग देणं आजही काही गावांत चालतं. त्या जखमेतून जंतू रक्तात जातात आणि हॉस्पिटलला पोचायचा मोलाचा वेळ जातो. कुणी सुचवलं तर बाळाला उचला आणि गाडीत बसा.

अनगोळकर

दुकानातून खोकल्याचं औषध आणून देणाऱ्यांसाठीही लिहा डॉक्टर.

बालवैद्य

डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असा इशारा बाटलीवर छापायला लावला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात विषारी कफ सिरपनं मुलं दगावली, तेव्हा केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानंही दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं सांगितलं. नवजात बाळाला तर एक थेंबही नको.

कृष्णाकाठ

माझ्या बायकोला सातवा महिना आहे. थोरली मुलगी अंगणवाडीत जाते, घरात सर्दी कायमच. यावर लस निघाली आहे असं ऐकलं, खरं का? आणि बायकोला सर्दी झाली तर दूध पाजायचं की नाही?

बालवैद्य

खरं आहे. गरोदर आईला द्यायची लस २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, तिथं ती ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देतात. आईच्या शरीरात तयार झालेली, विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) वारेतून बाळाकडं जातात आणि पहिले काही महिने त्याला सांभाळतात. दुसरा मार्ग म्हणजे जन्मलेल्या बाळालाच तयार प्रतिपिंडाचं इंजेक्शन. निर्सेव्हिमॅब त्याचं नाव, एका डोसचं संरक्षण साधारण पाच महिने टिकतं. जुनं पॅलिव्हिझुमॅब दर महिन्याला द्यावं लागायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं या दोन्ही नव्या मार्गांची शिफारस केली आहे. जगात पाच वर्षांखालची सुमारे १ लाख मुलं दरवर्षी आरएसव्हीनं जातात, त्यातली ९७ टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. गरज सगळ्यात जास्त आपल्यालाच आहे, म्हणून या गोष्टी सरकारी लसीकरणात याव्यात यासाठी आपण बोललं पाहिजे. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना आता, सातव्या महिन्यातच विचारा. आठ महिने उलटल्यावर विचारलं तर लस घ्यायची मुदत हातात थोडी राहते.

दूध पाजायचंच. आईनं हात धुवावेत, तोंडाला मास्क किंवा स्वच्छ पदर बांधावा आणि पाजावं. थोरलीनं शाळेतून आल्यावर साबणानं हातपाय धुतल्याशिवाय बाळाजवळ जायचं नाही. हा विषाणू खेळण्यांवर, पलंगाच्या दांडीवर काही तास टिकतो. तिला बाळाच्या पायाचा पापा घेऊ द्या, तोंडाचा नको.

शहापूर_गल्ली

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बीम्समध्ये, आजारी नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्याआणण्याची गाडी मोफत आहे, तो तुमचा हक्क आहे, मागून घ्या. खासगीत गेलात तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बसतं का ते पहिल्याच दिवशी विचारा, शेवटच्या दिवशी नको. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. कोल्हापूरला जायची वेळ आलीच तर तिथल्या आरोग्यमित्राला गावाचं नाव आणि रहिवासाचा कागद दाखवा.

भाषेमुळं अडू नका. नर्स कन्नड बोलणाऱ्या असतील, फॉर्म कन्नडमध्ये असेल, तरी बाळानं दूध कधी आणि किती घेतलं, लंगोट किती ओले झाले, श्वास किती मोजला, हे वेळ घालून कागदावर आकड्यांत लिहून न्या. आकडे सगळ्यांना वाचता येतात.

खानापूरची_सून

आमची जुळी आठव्या महिन्यात झाली. धाकट्याला आरएसव्ही झालं तेव्हा त्याला दमच लागला नव्हता. तो श्वास घ्यायचाच विसरायचा. मांडीवर होता, एकदम पांढरा पडला, तळव्यावर टिचकी मारल्यावर श्वास घेतला. डॉक्टर म्हणाले, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांत कधी कधी पहिली खूण हीच असते. म्हणून ज्यांची बाळं कमी दिवसांची आहेत, किंवा ज्यांना जन्मतः हृदयाचा त्रास आहे, त्यांनी श्वासाचा आकडा वाढायची वाट बघू नका. साधी सर्दी झाली तरी दाखवा.

बालवैद्य

ताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. वीस सेकंद श्वास थांबला, किंवा त्याआधीच बाळ निळं-पांढरं पडलं, तर ती तातडीची वेळ. परत श्वास घेऊन हसायला लागलं तरी हॉस्पिटलला न्यायचंच. आणि एक: मोठ्यांचा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तान्ह्या बाळाच्या बोटावर नीट चालत नाही. त्यातला ९८ बघून घरी थांबू नका.

मलप्रभा

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या पोस्ट मी घरात मोठ्यानं वाचून दाखवल्या. भावाच्या सासऱ्यांनी दोनदा वाचायला लावल्या आणि हलवायचा विषय संपला.

मधली एक रात्र वाईट गेली, ऑक्सिजन वाढवावा लागला, सीपॅप लावला. बाटलीतले बुडबुडे बघून आम्ही घाबरलो नाही, ते इथं वाचलं होतं म्हणून. आता सीपॅप निघालाय, ऑक्सिजन कमी करत आणलाय, आणि आज वहिनीनं अंगावर घेतलं तर दहा मिनिटं सलग प्यायली. वहिनी रडली. नळी उद्या काढणार म्हणालेत. बारसं पुढं ढकललंय, वहिनी बाळाला घेऊन थेट वडगावला आमच्याकडं येणार आहे, हॉस्पिटल जवळ पडेल म्हणून.

आता विचारायचं ते एवढंच. खोकला घरी गेल्यावर किती दिवस राहील? आणि दीड महिन्याची लस वेळेवर द्यायची की पुढं ढकलायची?

बालवैद्य

फार बरं वाटलं वाचून. खोकला दोन ते तीन आठवडे रेंगाळतो, अधूनमधून छातीत घरघरही ऐकू येईल. दूध नीट पीत असेल, श्वासाचा आकडा ६० च्या खाली असेल आणि वजन वाढत असेल तर त्यासाठी औषध नको. एकदा झालं म्हणून परत होत नाही असं नाही, त्यामुळं सर्दी झालेल्या माणसांना लांबच ठेवा.

दीड महिन्याची लस वेळेवर द्या. नुसत्या खोकल्यासाठी लस पुढं ढकलायची नसते. त्यातच न्यूमोकोकलची लस, पीसीव्ही, असते. आपल्याकडं ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी. आरएसव्हीवर ती चालत नाही, पण जिवाणूच्या न्यूमोनियापासून वाचवते. त्या दिवशी ताप असेल तर डॉक्टरांना दाखवून ठरवा. डिस्चार्ज कार्ड लसीच्या कार्डाबरोबरच ठेवा आणि वडगावच्या आशांना बाळ आल्याचं कळवा, म्हणजे बेचाळिसाव्या दिवसाची भेट चुकणार नाही.